कोजागरीच्या रात्री एका छताखाली

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, तामलवाडीच्या अलीकडे, चौपदरी रस्त्यापासून फर्लांगभर आत एक दगडी मुक्कामाचा वाडा आहे. पुढे लांब ओटा, मधे चौक, चौकात आड, भोवती सहा खोल्या. घरातल्यांनी विनंती केली म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. २०२३ च्या कोजागरीला, म्हणजे शनिवार २८ ऑक्टोबरला, मी तिथे मुक्कामी होतो. त्या रात्री पैसे भरून आलेले पाहुणे आणि तुळजापूरला पायी निघालेले भाविक एकाच दारात समोरासमोर आले.

मी सोलापुरात पर्यटन शिकवतो आणि हे प्रकरण वर्गात घेतो. पोरं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरतात. भांडण आवाजाचं होतं असं धरून ती उत्तर लिहायला बसतात. त्यांना काय बोलू, त्या रात्री अडीच वाजेपर्यंत मीही तेच धरून बसलो होतो.

वाडा तिथेच का

आज नकाशा बघितला तर तिथे वाडा असायचं काही कारण दिसत नाही. सोलापूर हाकेवर, तुळजापूर पुढे अर्ध्या-पाऊण तासावर. पण १९४८ पर्यंत सोलापूर मुंबई इलाख्यात होतं आणि तुळजापूर निजामाच्या राज्यात. मधे सरहद्द, आणि सरहद्दीवर करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं. घरात सांगतात की बैलगाडीवाले अंधार पडल्यावर नाक्याकडे जात नसत. माल उघडून दाखवायचा, पावती करायची, हे सगळं दिवसाउजेडी बरं. म्हणून अलीकडे मुक्काम. गाड्या समोर सोडायच्या, बैलांना डोणीवर पाणी पाजायचं, भाकरी खाऊन ओट्यावर आडवं व्हायचं. ती दगडी डोण अजून जागेवर आहे. हल्ली तिच्यात झेंडू लावलेला असतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि नाकं गेलं. नाक्याबरोबर मुक्कामाचं कारणही गेलं. पुढे एस.टी. आली, मग ट्रक, मग राष्ट्रीय महामार्ग. आधी त्याचा नंबर २११ होता, आता ५२. चौपदरीकरणात रस्त्याचं वळण सरळ केलं आणि वाडा जुन्या डांबराच्या तुकड्यावर बाजूला राहिला. ओटा तेवढा वापरात उरला, आणि तोही मुख्यतः वर्षातून एकदा.

सोलापूरकरांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी श्रमनिद्रेला जाते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या पौर्णिमेला सोलापुरातून माणसं पायी निघतात. ४५ किलोमीटर. कुणी नवस फेडायला, कुणी मित्रांबरोबर, कुणी तीस वर्षं चालतोय म्हणून. सोलापूरच्या मानाच्या काठ्याही तुळजापुरात पोचतात. गर्दी एवढी की त्या काळात या रस्त्यावरची वाहतूक पोलीस वळवतात आणि चौपदरी रस्ता चालणाऱ्यांचा होतो. वाड्याचं दार त्या रात्री कधी लागत नाही. ओट्यावर कुणीही टेकावं, आडाचं पाणी प्यावं, पुढे निघावं. याचे पैसे कधी घेतलेले नाहीत.

माळवद

पुढचं समजायला छप्पर समजून घ्यावं लागेल, म्हणून जरा थांबतो. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, दोन हात रुंद. वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्यांचा कडीपाट, त्यावर काड्यांचा थर, त्यावर पांढरी माती. उजेडाला आणि धुराला साणं, म्हणजे छतातला झरोका. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो तेव्हा दुपारी दोनला त्या खोल्यांमध्ये पंख्याशिवाय झोप लागते. पाऊस कमी आणि ऊन कडक अशा मुलखात जुन्या लोकांनी शोधलेला हा उपाय आहे आणि चांगला आहे.

अट एक. माळवदाकडे दरवर्षी बघावं लागतं. वैशाखात गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, पन्हाळी मोकळ्या करायच्या, वर मातीचा नवा हात द्यायचा. आणि इथेच बहुतेक घरं चुकतात. नवी माती चढते, जुनी कुणी उतरवत नाही. या वाड्यात साण्याच्या कडेला मी पट्टी धरली तर माती दीड फूट भरली. कोरडी माती घनमीटरला दीड टनाच्या आसपास धरा. म्हणजे छताच्या दर चौरस मीटरवर पावणेसातशे किलो, तेही पाऊस पडायच्या आधी. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत ईशान्येचा कोपरा खाली आला होता. नशीब, खोलीत कांदे होते, माणसं नव्हती. तो कोपरा त्यांनी पुन्हा बांधला, पण घाईत भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. आता ओल बाहेर पडायला वाट नाही. गिलाव्यामागून लोणा, म्हणजे भिंतीतला खार, येतो, पोपडे सुटतात आणि पाहुणे फोटो काढून खाली लिहितात, ‘रस्टिक’.

घराचे कर्ते अण्णा. त्यांच्या थोरल्या मुलाला पाण्याची टाकी माळवदावर ठेवायची होती. दोन हजार लिटरची टाकी, म्हणजे भरल्यावर दोन टन. अण्णांनी ठेवू दिली नाही. मागच्या परड्यात दगडी कट्टा करून वर टाकी ठेवली. सत्तरीच्या अण्णांना आकडेमोड येत नाही असं थोरल्याला वाटतं. मला तसं वाटत नाही.

पाहुणे

खोल्या भाड्याने द्यायची कल्पना अण्णांच्या पुतण्याची. पुण्यात नोकरी करतो, त्याने फोनवरच्या बुकिंगच्या ॲपवर वाड्याची नोंद केली. ‘हेरिटेज स्टे’, चुलीवरचं जेवण, ‘गावाकडची निरव शांतता’. रात्रीचे अठराशे रुपये, सकाळच्या न्याहारीसह. व्यवहार थोरला बघतो, राबतात मात्र वहिनी, म्हणजे त्याची बायको. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी. थंडीत आपल्याच शेतातला हुरडा. मी दोन दिवस जेवलो. चटणी उखळात कुटलेली होती, तेल सुटलेली. मिक्सरमधली तशी होत नाही. या एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे.

मी शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. शनिवारी रात्रीसाठी पुण्याहून एक कुटुंब येणार होतं. नवरा-बायको, त्यांची आई आणि दहा महिन्यांचं बाळ. दोन खोल्या. बुकिंग महिन्यापूर्वीचं. त्या तारखेला कोजागरी आहे, रस्ता बंद असतो, ओटा भरलेला असतो, यातलं काहीही त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. पुतण्याला वाटलं थोरल्याने सांगितलं, थोरल्याला वाटलं ॲप सांगतं. सोलापुरात पोलिसांनी गाडी अडवली. मग थोरला मोटारसायकल घेऊन गेला आणि आतल्या गावांच्या रस्त्याने त्यांना घेऊन आला. दीड तास धुळीतून. नऊ वाजता ती माणसं दारात उभी राहिली तेव्हा ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, हलगी वाजत होती आणि दर पाच मिनिटांनी ‘आई राजा उदो उदो’ उठत होता.

त्यांची बाजू मी वर्गात मुद्दाम आधी मांडतो, कारण सोलापूरची पोरं लगेच भाविकांच्या बाजूला जाऊन बसतात. शांतता लिहून विकली होती. बाळ रडत होतं. आजींना ओटा चढता येत नव्हता. त्या माणसाने आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाला, “काका, किमान मधलं दार तरी लावून घ्या.”

अण्णा म्हणाले, “आज्यानं लावलं न्हाई, बानं लावलं न्हाई, आता मी लावू व्हय?”

थोरला म्हणाला, “अण्णा, पैसे घेतलेत की त्यांच्याकडनं.”

यावर अण्णा काही बोलले नाहीत. तिथून उठले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसले. मला तो रुसवा वाटला.

दार उघडं ठेवण्याचं खरं कारण मला वहिनींकडून कळलं. संडास चौकाच्या मागे आहेत. चालणाऱ्या बायका रात्रभर तिथे येतात, कारण रस्त्यावर त्यांची सोय नाही. पुरुष शेतात जातात. दार लावलं तर आवाज थोडा कमी होईल, पण त्या बायांनी जायचं कुठे? वहिनींनी दहा मिनिटांत मार्ग काढला. मोठं दार लोटून दिंडी, म्हणजे त्यातलं छोटं दार, उघडी ठेवली, बायका दहा-दहा करून आत सोडायला जाऊबाईंना बसवलं. पुण्याच्या बाईंना म्हणाल्या, “ताई, तुम्ही बाळाला घेऊन माझ्या खोलीत झोपा. मागं आहे, आवाज येत न्हाई. आजींची गादी तिथंच घालते.” आणि थोरल्याला, सगळ्यांसमोर, “एका खोलीचे पैसे परत करा.” वर्गात याला तक्रार निवारण म्हणतात. वहिनींचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय.

दहा वाजता प्रश्न मिटला होता. प्रकरण इथे संपलं असतं तर मी ते लिहिलंही नसतं.

ग्रहण

त्या कोजागरीला खंडग्रास चंद्रग्रहण होतं. १ वाजून ५ मिनिटांनी स्पर्श, सव्वादोननंतर मोक्ष. वेध दुपारी चारपासून लागलेले. एरवी या घरात कोजागरीला मोठ्या कढईत मसाल्याचं दूध आटतं आणि ओट्यावर वाटलं जातं. त्या रात्री चूल पेटवली नाही. वयस्क बायका वेधात पाणीही घेत नव्हत्या. एक वाजता हलगी आपोआप थांबली. जपाच्या पुटपुटण्याशिवाय आवाज राहिला नाही. ज्या शांततेवरून तासभर ताणाताणी झाली ती ग्रहणाने फुकट दिली. पुण्याचे गृहस्थ बाहेर येऊन ओट्याच्या कडेला बसले.

आणि तेवढ्यात पोरं माळवदावर चढायला निघाली. वरून चंद्र चांगला दिसेल म्हणून. पंधरा-वीस जण जिन्याकडे आले. अण्णा नवापासून त्या पायरीवर का बसले होते ते मला तेव्हा समजलं. ते उठले, हातातली काठी आडवी धरली आणि शांतपणे म्हणाले, “वर जायचं न्हाई, बाबांनो. छत म्हातारं झालंय.” दोघांनी हुज्जत घातली. एक जण म्हणाला, दगडी वाडा आहे, काय होतंय? दिसताना तो दगडीच दिसतो. वर काय आहे ते खालून कळत नाही. वीस माणसं एका कोपऱ्यात दाटीने उभी राहिली तर हजार-बाराशे किलो. चौरस मीटरला पावणेसातशेचा भार आधीच अंगावर असलेल्या त्याच छताखाली, वहिनींच्या खोलीत, बाळ आणि आजी झोपलेल्या.

सव्वादोननंतर ग्रहण सुटलं आणि दुसरी गोष्ट झाली, जिचा अंदाज अण्णांनाही नव्हता. ग्रहण सुटल्यावर अंघोळ. निदान हातपाय, तोंड, डोक्यावर तांब्याभर पाणी. दोन-अडीचशे माणसांना एकाच वेळी पाणी हवं झालं. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेलेला. तीनच दिवसांनी सरकारने राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात जिल्ह्यातले पाच होते. हा तालुका त्या यादीत नव्हता, पण आडाला यादी वाचता येत नाही. आड तळाला गेलेला, बोअर थांबून थांबून चालणारं. पावणेतीनला टाकी रिकामी झाली. तीनला वहिनींनी दुधाची कढई चढवली तेव्हा कढई विसळायला पाणी शेजारच्या वस्तीवरून आणावं लागलं. सकाळी पाहुण्यांच्या नळाला फुस्स हवा. बाळाची बाटली धुवायला पाणी नाही. मग मात्र त्या गृहस्थांचा आवाज चढला आणि माझ्या मते तो रास्त होता.

घरी गेल्यावर त्यांनी ॲपवर एक तारा दिला. कारण लिहिलं: आवाज.

कागद

रविवारी दुपारी, सगळे झोपून उठल्यावर, थोरल्याने मला कपाटातली पिशवी दाखवली. एका हॉटेलवाल्याचा प्रस्ताव होता. वाडा वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचा, ते वर स्लॅब टाकणार, खोल्या बारा करणार. थोरल्याला सही करायची होती. अण्णा ‘बघू’ म्हणत सहा महिने काढत होते.

पिशवीत एक जुना पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या (ट्रस्टच्या) नोंदवहीचा, उतारा निघाला. अण्णांच्या वडिलांनी पुढचा ओटा, डोण, आड आणि दारालगतच्या दोन खोल्या वाटसरूंसाठी, धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवल्या होत्या. मागच्या चार खोल्या आणि परडं खाजगी. विश्वस्त म्हणून अजून वडिलांचंच नाव. बदल झाला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो कुणी दिलेला नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. तिच्याशिवाय केलेला वीस वर्षांचा करार टिकत नाही. आणखी एक, जे थोरल्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं: पुण्याच्या कुटुंबाला दिलेल्या दोन खोल्यांपैकी एक न्यासाची होती. अठराशे रुपये नेमके कुणाचे?

माझ्या दृष्टीने प्रकरणाची गाठ इथे आहे. जमीन कागदावर दोन भागांत वाटली, पण वरचं माळवद सलग आहे. तुळया न्यासाच्या भिंतीवरून निघतात आणि खाजगी भिंतीवर टेकतात. आड न्यासाचा, त्यातून पाणी चढवणारी मोटर धंद्याची. ओट्याला उत्पन्न शून्य, खोल्यांना थोडंफार. वैशाखातल्या मातीचा, मजुरीचा, सडलेल्या तुळईचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा हे कधी ठरलंच नव्हतं, म्हणून तो टाकलाच जात नव्हता. दरवर्षी दोन गडी लावून वर माती पसरायची, स्वस्तातलं काम. उतरवायला दहा गडी आणि ट्रॅक्टर लागतो.

स्लॅबचं मात्र मी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. चुन्यातल्या भिंतींवर काँक्रीटचा भार आणि वर सिमेंट म्हणजे २०२० चा कोपरा चारही बाजूंना करणं. आणि मे महिन्यात त्या खोल्यांत कुणी दुपारी झोपून दाखवावं.

काय सुचवलं, काय झालं

पोरांना मी चार-पाच उपायांची यादी करू देत नाही, क्रम लावायला लावतो. माझा क्रम असा होता: आधी माती उतरवा, मग पाणी, मग कागद, आणि ॲपवरची ओळ सगळ्यात शेवटी. थोरल्याने अर्थातच उलटं केलं. सगळ्यात सोपं ते आधी. ‘निरव शांतता’ काढली आणि नवरात्र ते कोजागरी खोल्या बंद ठेवायचं ठरवलं. भाडं दोन हजार केलं आणि त्यातले दोनशे माळवदाच्या डब्यात. डबा खराच आहे, बिस्किटांचा, वहिनींच्या कपाटात. न्यासाच्या दोन खोल्या ॲपवरून काढल्या. त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत सुरू झाला. चेंज रिपोर्ट वकिलाकडे आहे. हॉटेलवाला तीन वर्षांच्या कराराला तयार झाला नाही. तीन वर्षांत स्लॅबचे पैसे निघत नाहीत, हे त्याचंही बरोबर.

२०२४ च्या कोजागरीला मी पुन्हा गेलो, या वेळी सोलापुरातून चालत. जिन्याला लोखंडी जाळी आणि कुलूप होतं. अण्णा त्याच पायरीवर बसलेले, जाळीला पाठ टेकून. पाऊस बरा झाला होता, आडात पाणी वर दिसत होतं. ग्रामपंचायतीने रस्त्यालगत बायकांसाठी फिरते संडास आणून ठेवले होते, त्यातले दोन चालू होते. दूध बाराला वाटलं. माझ्या पायाला फोड आले होते, वहिनींनी हळद-तेल लावलं आणि ‘सर, पुढच्या वर्षी गाडीनं या’ म्हणाल्या.

नवी अडचण वेगळीच निघाली. पुतण्याने ओट्यावरच्या गर्दीचे फोटो ॲपवर टाकले. कंदील, काठ्या, चंद्र, कढईतून वाफ. आता लोक फोन करून कोजागरीचीच रात्र मागतात. एकाने तर भाविकांबरोबर ओट्यावर झोपायचे किती घ्याल असं विचारलं आणि थोरल्याने सांगितलेल्या खोलीच्या भाड्याच्या दुप्पट देऊ केले. अण्णांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. थोरला विचार करतोय; मला दोनदा फोन झाला, मी दोन्ही वेळा कलम ३६ कडे विषय वळवला.

माळवदाची माती यंदाच्या वैशाखात निम्मी उतरली. पुढचा भाग झाला, वहिनींच्या खोलीवरचा राहिलाय. ट्रॅक्टरवाला ऊस संपल्यावर येतो म्हणाला होता.